एक बंदूक, बारा कामं

पिंपरखेड शिरूर तालुक्यात येतं, पण वनखात्याच्या हिशेबात ते जुन्नर वनविभागाचं गाव. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर मिळून हा विभाग होतो. १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर २०२५ या तीन आठवड्यांत पिंपरखेड परिसरात बिबट्याने तिघांचा जीव घेतला. एक चिमुरडी, एक ऐंशी ओलांडलेली आजी आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. माणसं संतापून मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्गावर उतरली. ४ नोव्हेंबरच्या रात्री भूल देणारा डार्ट हुकला, बिबट्या पथकाच्या अंगावर आला आणि नेमबाजांनी त्याला गोळ्या घातल्या.

तेव्हापासून जुन्नर-आंबेगावात डेअरीच्या रांगेत, सोसायटीच्या ओट्यावर, नारायणगावच्या टोमॅटो बाजारात एक विषय निघतोच. परवाना काढून एक बंदूक घेऊन टाकावी का? आणि घ्यायचीच तर कुठली? एकीत सगळं भागेल आणि खिशालाही परवडेल अशी. या चर्चेतल्या दोन बाजू मी इथे मामा-भाच्याच्या तोंडी घातल्या आहेत. मामा फौजेतून निवृत्त झालेले, घरात वडिलोपार्जित दुनळी. भाचा नारायणगावच्या पुढे मळ्यात राहणारा. चार एकर ऊस, दीड एकर टोमॅटो, दोन गाई, पाच शेळ्या.

भाचा : मामा, सत्तर हजार बाजूला काढलेत. यंदा टोमॅटोनं हात दिला. परवान्याचा अर्ज भरतोय. मला एकच बंदूक सांगा, सगळ्याला चालेल अशी.

मामा : सगळ्याला म्हणजे कशाकशाला?

भाचा : बिबट्या आला तर. उसात डुकरं शिरतात, त्यांना. विहिरीवरची केबल दोनदा चोरीला गेली, त्या चोरांना. माकडं तर रोजचीच. प्रत्येकाला वेगळी बंदूक घेण्याइतका मी बागायतदार नाही.

मामा : मग बारा बोअरची दुनळी घे. दुसऱ्या कशाच्या नादाला लागू नकोस. रायफलची गोळी लांब जाते, आपल्या मळ्यांत दर दोनशे पावलांवर घर आहे. बारा बोअरची काडतुसं मिळतात, खडकीच्या कारखान्यात तयार होतात. त्याच नळीत बारीक छर्ऱ्यांचं काडतूस चालतं आणि एलजी, एसजी असलं जाड छर्ऱ्यांचंही. एक नळी थोडी मोकळी, दुसरी चोक केलेली, तोंडाशी आवळलेली, म्हणजे जवळचा आणि लांबचा असे दोन बार हाताशी. तुला हवी ती हीच. आता तू सांगितलेलं एकेक काम घेऊ आणि बघू, शेवटी तिच्या वाट्याला काय उरतं ते.

भाचा : तुम्ही कायदा सांगणार.

मामा : कायदा सांगणारच. परवाना सरकार देणार, तर सरकारचं वाच की. माकडांना छर्रा मारलास तर ती शिकार होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, अजून लागू आहे. मोर दाणे खातो म्हणून त्याच्यावर बार काढलास तर जामिनासाठी मला घेऊन फिरशील. ते काम गेलं. केबलचोराचं सांगतो. चोर विहिरीवर वायर कापतोय, तू बांधावर उभा. त्याने तुझ्या जिवावर हात टाकलेला नाही. वायरपायी माणूस मारायची मुभा कुठलाच कायदा देत नाही. तू झाडलीस तर चोर दवाखान्यात आणि तू येरवड्यात. तेही काम गेलं.

भाचा : आणि डुक्कर?

मामा : डुकराला वाट आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराबाबत वनविभागाची लेखी परवानगी मागता येते. आधी कागद, मग बार. पण रात्री उसाच्या कडेला एलजी झाडायची म्हणजे समोर काय आहे ते दिसलं पाहिजे. जाड छर्रा शे-दोनशे मीटर सहज जातो. गाळप सुरू झालं की त्याच उसाच्या पलीकडे तोडणी मजुरांच्या कोप्या पडतात. पाचटाच्या भिंतीआड पोरं झोपलेली असतात.

या कोप्यांबद्दल मला दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन्ही साखर कारखान्यांच्या हंगामात शेकडो कुटुंबं इथे येतात. बिबट्याला सर्वांत उघडी पडतात ती त्यांचीच मुलं. कोपीला दार नाही, आडोशाला संडास नाही आणि वस्ती थेट उसाच्या फडात. बंदुकीची चर्चा मळ्याच्या मालकांमध्ये होते. कोपीत राहणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही, की तुला काय हवं. तिला विचारलं तर ती पत्र्याची भिंत आणि दिवा मागेल.

भाचा : बरं, माकड सोडा, चोर सोडा. मी बंदूक घेतोय ती बिबट्यासाठी. आणि कायदा वाचायला सांगता ना? मी वाचलाय. कलम ११ मध्ये स्पष्ट लिहिलंय, की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‍भावनेनं जनावर मारलं किंवा जखमी केलं तर तो गुन्हा नाही. बिबट्या पहिल्या अनुसूचीत असला तरी. शस्त्र कायद्याचं कलम १३ सुद्धा वाचलं. वीस इंचांपेक्षा कमी नाही अशी नळी असलेली, आतून गुळगुळीत बंदूक नागरिकाला संरक्षणासाठी मिळू शकते. पीक राखायला ठासणीची आणि तिच्यानं भागत नसेल तर दुसरी. म्हणजे १९५९ साली कायदा करणाऱ्यांनाही शेतकऱ्याची अडचण कळत होती. मग आज मी मागितली तर गुन्हेगारासारखं का बघता?

मामा : गुन्हेगार कोण म्हणालं? तू वाचलंस ते बरोबर आहे. माझ्या वडिलांना परवाना मिळाला तो पीकसंरक्षणासाठीच. मी विचारतोय ते वेगळं. बिबट्या आला, तर ती बंदूक तुझ्या हातात असेल का?

भाचा : का नसेल?

मामा : रात्रीची लाइट असते तेव्हा तू उसाला पाणी द्यायला, दारं धरायला जातोस. कसा जातोस ते सांग.

भाचा : डोक्याला बॅटरी, हातात खोरं.

मामा : एका हातात खोरं. वाकून माती ओढतोस, एक सरी भरली की दुसरी मोडतोस. वाकलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो. तो समोरून डरकाळी फोडत येत नाही. येतो मागून, आणि धरतो मान. पिंपरखेडला बायाबापड्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागल्या, त्या उगाच नाही. आता दुनळी कुठे ठेवशील? पाठीवर टांगलीस तर खोरं चालणार नाही. बांधावर ठेवलीस तर ती बांधाची राखण करेल. भरलेली बंदूक चिखलात घेऊन सरीतून चालणारा माणूस पाय घसरून स्वतःलाच मारून घेतो. फौजेत ही गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात.

भाचा : मग घरी ठेवतो. अंगणात पोरं खेळतात, तिथंच तर भीती आहे.

मामा : परवाना तुझ्या नावावर. तू पाण्यावर. घरी माझी भाचेसून आणि तिची दोन लेकरं. तिने कपाट उघडून बंदूक उचलली तर ती विनापरवाना. आणि कपाटाला कुलूप हवंच, काडतुसं वेगळी ठेवायला हवीत. तसं नाही ठेवलंस तर बिबट्या येईल तेव्हा येईल, त्याच्या आधी एखाद्या दिवशी तुझाच पोरगा चाप ओढून बघेल. संध्याकाळी सात वाजता अंगणातून लेकरू उचललं जातं त्याला चार-पाच सेकंद लागतात. कुलूप काढून, दोन काडतुसं घालून, नळ्या मिटून बाहेर यायला किती लागतील? माझी तीस वर्षांची सवय आहे आणि मला जमणार नाही.

भाचा इथे गप्प बसेल असं वाचणाऱ्याला वाटेल. पण असे भाचे गप्प बसत नाहीत आणि त्यांनी बसू नये.

भाचा : आवाजाचं काय? एक बार हवेत काढला की पंधरा दिवस मळ्याकडे फिरकत नाही.

मामा : आवाजाला फटाका पुरतो. आणि हवेत झाडलेला छर्रा खालीच येतो. तुझ्या गाईच्या पाठीवर येईल नाहीतर शेजाऱ्याच्या शेडनेटवर. शिवाय बिबट्याला आवाजाची सवय होते. या भागात जन्मलेली पिल्लं डीजे, ट्रॅक्टर, लग्नाचे आपटबार ऐकत उसात मोठी झालेली आहेत.

भाचा : आणि खरंच समोर आला, दहा पावलांवर? तेव्हा तरी चालेल की नाही?

मामा : चालेल. दहा पावलांवर चोक नळीतून छर्रे जेमतेम वीतभर फाकतात. म्हणजे छर्ऱ्याला नेम लागत नाही हा तुझा समज काढून टाक. नेम धरावाच लागतो, अंधारात, हलत्या जनावरावर. नेम बसला तर बिबट्या मेला. अर्धा बसला तर जबडा फुटलेला किंवा पाय लुळा झालेला बिबट्या तुझ्या उसात आहे. त्याला आता कुत्रंही धरता येणार नाही, मग तो सोपं काय धरेल? कुमाऊंतली चंपावतची वाघीण जिम कॉर्बेटनं १९०७ मध्ये मारली. तिच्या उजव्या बाजूचे सुळे मोडलेले होते, कुणाच्या तरी जुन्या गोळीनं. त्या एका अर्धवट बाराची किंमत शेकडो माणसांनी दिली.

भाचा : म्हणजे आम्ही मरायचं आणि मग आमच्या माणसांनी सरकारची पंचवीस लाखांची भरपाई घ्यायची. वनखात्याच्या १९२६ ला फोन लावा म्हणतात. लावतो. गाडी ओतूरहून निघणार, पिंजरा कुठल्या तरी दुसऱ्या गावात लागलेला असणार. तोवर काय करायचं? पुण्यात बसून बिबट्या वाचवा म्हणणं सोपं आहे. आमच्या आजोबांच्या वेळी बिबट्या भीमाशंकरच्या बाजूला होता, इथं नव्हता. धरणं आली, कुकडीचे कालवे आले, ऊस आला आणि उसाबरोबर तो आला. ऊस आम्ही चोरून लावला नाही. सरकारनंच पाणी दिलं, कारखान्याला परवाने दिले. मग त्याचा भार एकट्या मळ्यानं का वाहायचा?

मामा : यावर मी तुझ्या बाजूनं आहे.

भाचा : नुसतं बाजूनं असून काय? सगळे पकडून लांब नेऊन सोडा तरी म्हणा.

मामा : ते करून झालंय. २००१ नंतर इथले बिबटे धरधरून दुसरीकडे सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला. माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले होते. घरच्या जागेवरून उपटून अनोळखी मुलखात टाकलेलं, पिंजऱ्यात माणसांनी घेरलेलं जनावर बिथरतं. माणिकडोहच्या निवारा केंद्रात बिबटे आहेत, पण तिथे तरी किती ठेवणार? जागा संपते.

हा मुद्दा मामांनी घाईत उरकला असला तरी तो सगळ्यांत मोठा आहे. बिबट्या इथे चुकून आलेला पाहुणा नाही. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात त्याच्या आहाराचा ३९ टक्के भाग गावातल्या कुत्र्यांचा निघाला. कोंबड्यांचे टाकलेले अवशेष, त्यावर वाढलेली कुत्री, बारा ते अठरा महिने उभा राहणारा ऊस, पायाशी पाणी. या चौकटीत एक बिबट्या गोळीने गेला की त्याची जागा दुसरा घेतो. नरभक्षक ठरलेल्या एखाद्याला मारावंच लागतं, ते पिंपरखेडला झालं. पण ते काम प्रशिक्षित पथकाचं, दिव्यांच्या झोतात, आदेश हातात घेऊन करायचं. प्रत्येक मळ्यात एकेक दुनळी वाटून ते होत नाही. माझं मत इतकं स्पष्ट आहे.

भाचा : तरी मी अर्ज करणार.

मामा : कर. तुझा हक्क आहे. मग घेताना फसू नकोस, एवढं ऐक. ग्रामीण भागात जिल्हाधिकारी परवाना देतात. पोलिसांचा चौकशी अहवाल जातो, २०१६ च्या नियमांप्रमाणे हत्यार हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, घरात सुरक्षित कुलूपबंद जागा दाखवावी लागते. परवाना पाच वर्षांचा, काडतुसांचा आकडा त्यावरच लिहिलेला. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा, मोज आता तूच.

भाचा : आणि नवी घेऊ का जुनी?

मामा : सत्तर हजारांत मी तरी चांगली जुनी बघेन, परवानाधारक विक्रेत्याकडूनच. कुणी म्हणेल, ओळखीच्या माणसाची आहे, कागद नंतर करू. त्या माणसाच्या अंगणातही उभा राहू नकोस. नाव कोरलेल्या विलायती बंदुकीच्याही मागं लागू नकोस, पैसे नक्षीचे जातात. आपल्याकडची सरकारी कारखान्यातली साधी दुनळी पुष्कळ झाली. दुकानात गेल्यावर आधी मोकळी आहे का ते स्वतः उघडून बघ, दुकानदारानं सांगितलं तरीही. मग नळ्या काढून उजेडाकडे धर आणि आतून बघ. एकात एक गोल कड्या दिसल्या पाहिजेत, थेट टोकापर्यंत. एखादी कडी तिरकी झाली तर तिथे बाहेरून ठोका बसलाय. आत काळे ठिपके दिसले तर गंजानं खाल्लंय, पुसून जाणारं नाही.

भाचा : बाहेरून दिसत नाही?

मामा : बाहेरून सगळ्या पॉलिश केलेल्या असतात. मग नळ्या खालच्या आकड्याला धरून लोंबकळत ठेव आणि नखानं किंवा लाकडाच्या काडीनं वाजव. स्वच्छ, लांब आवाज आला पाहिजे. बद्द वाजली तर दोन नळ्यांमधला सांधा सुटलाय. मग बंदूक जोड, पुढचं लाकूड काढून ठेव, दस्ता धरून हलव. बिजागरीत खडखड झाली तर नको. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली तर ती जुन्या काळ्या दारूची नळी, आजची काडतुसं तिच्यात घालायची नाहीत, फुटेल. काडतूसघराची लांबी विचार. पासष्ट मिलिमीटरच्या घरात सत्तरचं काडतूस बसतं, पण उडवल्यावर उघडायला पुढं जागा राहत नाही, दाब भलताच वाढतो. आणि सगळ्यात शेवटी खांद्याला लाव. डोळे मिटून लाव आणि मग उघड. नजर सरळ दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर पडली तर ती तुझ्या मापाची. मान वाकडी करावी लागली तर कितीही स्वस्त असली तरी ठेवून ये.

भाचा : इतकं सगळं माहीत आहे आणि तुमची स्वतःची शेवटची कधी वाजली?

मामा : तिला तेल घालतो आणि परत ठेवतो. माझ्या गाई मात्र लोखंडी जाळीच्या बंद गोठ्यात असतात. वरूनही जाळी. तुझ्या पाच शेळ्या पडवीत दोरीला बांधलेल्या आहेत. बिबट्या तुझ्या घराकडे येतो तो त्यांच्या वासानं. सत्तर हजारांतले निम्मे गोठ्याला घाल. संडास घराला लागून घे, वहाणा घालून अंधारात बांधापर्यंत जायची पाळी कुणावर येऊ नये. अंगणात सोलरचे दोन दिवे लाव. घर आणि ऊस यांच्यात वीस-पंचवीस फूट मोकळं सोड, तिथे भाजी कर, घास कर, काहीही कर, पण ऊस भिंतीला भिडवू नकोस.

भाचा : वीस फूट सोडले तर तीन गुंठे ऊस गेला.

मामा : गेला.

भाचा : बरं, गोठा करतो. शेळ्यांचंही मान्य. आता तुम्ही मला सांगा, तुमच्या गोठ्याला जाळी आहे, दिवे आहेत, आणि रात्री दोन वाजता लाइट आली की तुम्हाला पाण्यावर जावं लागतं की नाही?

मामा : जावं लागतं.

भाचा : एकटं?

मामा : एकटं. मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावतो.

या ठिकाणी मामांकडचं सगळं ज्ञान थिटं पडतं आणि माझ्याकडेही भाच्याला द्यायला उत्तर नाही. घरासाठी, गोठ्यासाठी, लेकरांसाठी उपाय आहेत, ते बंदुकीहून स्वस्त आहेत आणि जास्त चालतात. पण तीन फेजची वीज रात्री मिळत असेल तर माणसाला उसात शिरावंच लागतं, आणि तिथे त्याला गोठ्याची जाळी राखत नाही आणि दुनळीही नाही. शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी या पट्ट्यात प्रत्येक हल्ल्यानंतर होते. बिबटप्रवण म्हणून ठरलेल्या गावांना ती सर्वांत आधी, वेगळ्या फिडरवरून मिळायला हवी. वनखातं, महावितरण आणि महसूल यांच्या फायली वेगवेगळ्या आहेत, पण सरीत वाकलेला माणूस तिघांचाही तोच आहे.

भाचा : बाराही महिने दिवसा लाइट मिळाली तर मी बंदुकीचा अर्ज मागं घेतो. लिहून देतो.

मामा : मला कशाला लिहून देतोस? ग्रामसभेत मांड. ठराव कर, खाली सह्या घे, बायकांच्या आधी घे. आणि तोवर पाण्यावर एकटा जायचं नाही. शेजारच्या मळ्यातल्यांशी बोल. एक रात्र तुझं पाणी, एक रात्र त्याचं, दोघांनी मिळून. एक वाकला की दुसऱ्यानं उभं राहून बॅटरी फिरवायची.

भाचा : त्याची पाळी माझ्याबरोबर येत नाही. त्याचा फिडर वेगळा आहे.

मामा : मग तुझ्या रात्री त्यानं यायचं आणि त्याच्या रात्री तू. झोप दोघांची जाईल.

भाचा : तसं विचारतो त्याला. पण अर्ज ठेवतोय मी, मामा. प्रशिक्षणाला कुठं जायचं ते तेवढं सांगा.